सहा महिने गाडी बंद राहणार आहे, बॅटरीचं काय करावं?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. लेकीचं दुसरं बाळंतपण आहे, त्यामुळे आम्ही दोघं ऑक्टोबर ते मार्च अमेरिकेत असू. गाडी पुण्यातच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहील. छोटी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, बॅटरी ३५ एएचची (अॅम्पिअर-अवर, म्हणजे तिची क्षमता), दोनेक वर्षं जुनी.

पहिल्या नातवाच्या वेळी वॉचमनकडे किल्ली दिली होती. दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेव, म्हणून सांगितलं होतं. पोरगा नीट, व्हॉट्सॅपवर चालू गाडीचे व्हिडिओ पाठवायचा. तरी परत आलो तेव्हा बॅटरी ठार. किल्ली फिरवली की नुसतं टक् टक् टक्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद. तो म्हणतो, शेवटी शेवटी सुरूच होत नव्हती, पण साहेबांना तिकडे कशाला टेन्शन म्हणून कळवलं नाही.

तर प्रश्न असे. दहा मिनिटं कमी पडतात का? बॅटरी सोडवून ठेवली तर आतल्या कॉम्प्युटरला काही होतं का? काचेला लावायचे सोलर चार्जर मिळतात, त्यांचा उपयोग होतो का? पार्किंगमध्ये प्लग नाही. कमिटीला विचारलं, तर पुढच्या एजीएमला विषय घेऊ म्हणाले.

हळदकुंकू

काका, अभिनंदन आधी! वॉचमनचं म्हणाल तर आमच्या सोसायटीतला अशाच एका गाडीत बसून मॅच ऐकायचा. इंजिन बंद, टेप चालू. तुमचा तसला नसेलही.

घाटमाथा

दहा मिनिटांचं खरं कारण म्हणजे सेल्फ मारण्यातच बॅटरीचा निम्मा जीव जातो. तो भरून यायलाच अर्धा तास लागतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदाच सुरू करायची, पण तासभर.

सर्किटराव

घाटमाथा, सेल्फबद्दलची ही समजूत सगळीकडे आहे, पण हिशोब करून बघा. स्टार्टर मोटर १५० अॅम्पिअर ओढते असं धरलं आणि इंजिन दोन सेकंदांत लागलं, तर खर्च होतो ३०० अॅम्पिअर-सेकंद. म्हणजे ०.०८ एएच. ३५ मधले ०.०८. निम्मा जीव वगैरे काही जात नाही.

खरी गळती गाडी उभी असताना होते. किल्ली काढली तरी रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, इंजिनाचा ईसीयू (म्हणजे आतला कॉम्प्युटर) हे सगळे जागेच असतात. धडधाकट गाडीत ही सगळी मिळून २० ते ५० मिलिअॅम्पिअर ओढतात. आपण ३० धरू. दिवसाला ०.७२ एएच, आठवड्याला पाच.

आता जमेची बाजू. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) पूर्ण ताकदीनं देत नाही, आणि देतो त्यातलं फ्युएल पंप, इग्निशन, रेडिएटरचा फॅन खाऊन जातात. एसी किंवा हेडलाइट चालू असतील तर विचारूच नका. उरलेल्यातून बॅटरीला आठ-नऊ अॅम्पिअर मिळाले असं मोठ्या मनानं मानलं, तर दहा मिनिटांत दीड एएच. पाच खर्च, दीड जमा. ईएमआय पगारापेक्षा मोठा असलेल्या खात्याचं जे होतं तेच होणार. पाच-सहा आठवड्यांत बॅटरी अर्ध्यावर येते, आणि अर्ध्याच्या खाली सेल्फचा भरवसा नाही.

गाडीला मागाहून जीपीएस ट्रॅकर किंवा पार्किंग मोडवाला डॅशकॅम बसवला असेल तर ३० चा आकडा सोडून द्या. तिथे पंधरवडाही पुरत नाही.

हळदकुंकू

म्हणजे वॉचमन निर्दोष. मॅचचं मागे घेते.

सिंहगडरोडकर

सर्किटराव, हे आजवर कोणी असं आकड्यांत सांगितलं नव्हतं. पण तुमच्या हिशोबानं ती दीड-दोन महिन्यांतच बसायला हवी होती, व्हिडिओ तर त्यानंतरही येत होते. आता उघडून बघितले. सगळ्यांत ऊन एकाच जागी आणि मागे तीच लाल स्कूटर उभी. जाऊ दे.

बॅटरीवाला बंड्या

साहेब, माझं बॅटरीचं दुकान आहे, सातारा रोडला. रोज हेच बघतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर मे-जूनमध्ये दुकान उघडलं तेव्हा बाहेर बॅटऱ्यांची रांग लागली होती. सगळ्यांचं एकच म्हणणं, दोन महिने हातच लावला नाही, मग खराब कशी झाली?

उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यात फरक आहे, तो समजून घ्या. उतरली आणि चार-आठ दिवसांत चार्जिंगला लावली तर बहुतेक वेळा उठते. उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने पडून राहिली तर प्लेटांवर लेड सल्फेट धरतं आणि ते कडक होत जातं. रोज वापरात हेच सल्फेट होतं आणि चार्जिंगला विरघळतं, पण एकदा खडे जमले की नेहमीच्या चार्जिंगला दाद देत नाही. अशी बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली की सकाळी मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, गिऱ्हाईक खूश. लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून बघायचं यंत्र) लावला की पंधरा सेकंदांत ९.६ च्या खाली घसरते. मग गिऱ्हाईक माझ्याकडेच संशयानं बघतो.

मीटर घरी ठेवा, चांगला मल्टीमीटर काही महाग येत नाही. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी दरवाजा न उघडता, बॉनेट आदल्या दिवशीच सैल करून ठेवून मोजायचं. १२.६ च्या वर असेल तर भरलेली. १२.४ ला चार्ज करा. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली की दुकानात या, बोलत बसू नका. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे. नाही दिसलं तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटरचा. जुने लोक डायनॅमो म्हणतात तो.

दहाचा पाना

काका, सहा महिने म्हटल्यावर एकच करा. निगेटिव्ह सोडवा. बहुतेक छोट्या गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो, पाच मिनिटांचं काम.

आधी निगेटिव्हच, पॉझिटिव्ह नाही. कारण गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट सैल करताना पाना बॉनेटच्या पत्र्याला लागला तर थेट शॉर्ट, पाना तिथेच वेल्ड होतो. निगेटिव्ह आधी सुटली की पाना पत्र्याला कुठेही लागला तरी काही होत नाही. लावताना उलटं, निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी, कडं, स्टीलचं घड्याळ काढून ठेवा. सुटलेली तार जाड कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, नाहीतर स्प्रिंगसारखी परत येऊन टर्मिनलला टेकते.

कॉम्प्युटरला काही होत नाही. घड्याळ शून्यावर जातं, रेडिओची स्टेशनं जातात. काही गाड्यांत म्युझिक सिस्टीम कोड मागते, तो कोड मॅन्युअलच्या पाऊचमध्ये किंवा कार्डावर असतो. जाण्याआधी शोधून ठेवा. एका बोटात वर जाणारी काच असेल तर ती पुन्हा शिकवावी लागते, म्हणजे काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं. स्टिअरिंगचा दिवा लागला तर चाक एकदा पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडं वरखाली होईल, घाबरू नका.

मुक्काम पोस्ट

यात एक भर. बॅटरी सोडवली की रिमोट चालत नाही. बॉनेट खाली करून दार खऱ्या किल्लीनं लॉक करायचं. बटणवाल्या गाडीतही रिमोटच्या आत एक छोटी पात्यासारखी किल्ली असते, ती ओढून काढता येते. ही किल्ली अनेकांनी कधी बघितलेलीच नसते. जाण्याआधी एकदा लावून बघा, ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप वापरात नसल्यामुळे घट्ट बसलेलं असतं.

आणि डिकी. काही गाड्यांची डिकी नुसत्या इलेक्ट्रिक स्विचवर उघडते. बॅटरी मेली की जंपर केबल डिकीत अडकून पडते. हे मी आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहिलं आहे. गृहस्थ मागची सीट पाडून डोक्याकडून आत शिरले होते.

सिंहगडरोडकर

धन्यवाद. आमची डिकी किल्लीनं उघडते, आत्ताच खाली जाऊन बघून आलो. पण निगेटिव्ह सोडवल्यावर सहा महिने टिकेल का? सौ. म्हणतात की बॅटरी काढून घरीच आणू, पण फरशीवर नको, लाकडी पाटावर ठेवू, फरशीवर उतरते म्हणे.

सर्किटराव

पाट ठेवा हवं तर, पण त्यानं काही बदलत नाही. आताच्या बॅटरीची पेटी प्लॅस्टिकची असते, फरशीतून करंट जायला रस्ताच नाही. जुन्या काळच्या लाकडी-रबरी पेट्यांच्या वेळची ही समजूत असावी.

सोडवलेली बॅटरीही स्वतःहून उतरते, पण हळू. २५ अंशांच्या आसपास महिन्याला तीन ते पाच टक्के धरा, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट. तुमचे महिने ऑक्टोबर ते मार्च आहेत, त्यामुळे बरं आहे. एप्रिल-मेमध्ये नागपूरला उघड्यावर उभ्या गाडीचं गणित वेगळं. पूर्ण भरून मगच सोडवली, तर मार्चमध्ये सत्तर-पंचाहत्तर टक्के शिल्लक असायला हरकत नाही. दोन वर्षांची बॅटरी त्यावर सुरू व्हावी.

अट 'पूर्ण भरून' ही आहे. जाण्याआधीचे दहा-पंधरा दिवस तुम्ही बाजारहाट, बँक, ट्रॅव्हल एजंट असं दोन-दोन किलोमीटरचं चालवणार. त्यानं बॅटरी कधीच काठोकाठ भरत नाही. चार्जरवरच लावायला हवी.

बॅटरीवाला बंड्या

बरोबर. आणि चार्जर सावकाश पाहिजे. ३५ एएचला साडेतीन अॅम्पिअर, दहा-बारा तास. कुठल्याही दुकानात चार्ज करून देतात, पण 'तासाभरात देतो' म्हणणाऱ्याकडे देऊ नका. जोरात करंट मारला की प्लेटा तापतात.

घरी नेत असाल तर बारीक गोष्टी. बॅटरी दहा-बारा किलोची असते. उभीच धरायची, आडवी करायची नाही, अंगाला टेकवायची नाही. वरच्या झाकणाजवळ अॅसिडचा ओलावा असतो, डोळ्यांना दिसत नाही. पँटवर लागलं तरी तेव्हा काही कळत नाही. पहिल्या धुण्यात सुती पँटला मांडीवर चाळणीसारखी भोकं पडतात आणि घरात शोध सुरू होतो, की झुरळानं खाल्लं का. जुनी पँट घाला, नंतर हात साबणानं धुवा.

चार्जिंग बाल्कनीत करा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. जवळ गॅस नको, देवघरातलं निरांजन नको, उदबत्ती नको. पाण्याची झाकणं असलेली बॅटरी असेल तर प्लेटा बुडल्यात का बघा, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं किंवा आरओचं चालत नाही. वरून अॅसिड कोणी घालू म्हटलं तर दुकान बदला.

घाटमाथा

घरच्या इन्व्हर्टरला लावली तर? तोही बाराचाच असतो.

बॅटरीवाला बंड्या

नको. इन्व्हर्टर दीडशे एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीसाठी बनवलेला असतो. दहा-पंधरा अॅम्पिअर देतो. छोट्या गाडीच्या बॅटरीला ते फार होतं.

कोकणवारा

आमची गाडी चिपळूणजवळ गावी असते. गणपतीला आणि शिमग्याला आम्ही जातो तेव्हाच वापर, मध्ये कोणी नाही. निगेटिव्ह सोडवून ठेवतो, पण कोकणात ते पुरत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरट हिरवी भुकटी चढते. ती कोमट पाणी आणि खायचा सोडा लावून जुन्या टूथब्रशनं घासायची, पूर्ण सुकवायची, मग व्हॅसलीन. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही. उंदरांचा विषय काढत नाही, त्याला वेगळा धागा लागेल.

बॅटरी बसली आणि जंप द्यायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. गावात सगळ्यात आधी धावून येतो तो ट्रकवाला. त्याला हात जोडून नको म्हणा. ट्रक आणि एसटी २४ व्होल्टवर चालतात. तुमच्या बारा व्होल्टच्या गाडीतले फ्यूज आणि ईसीयू त्यात जाऊ शकतात. ट्रॅक्टर बाराचा असतो, तो चालतो. आमच्याकडे वाडीतल्या ट्रॅक्टरवरच भागतं.

दहाचा पाना

+१. जंपचा क्रमही लिहून टाकतो, कारण घाईत लोक भलतीकडे लावतात. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचंच दुसरं टोक चांगल्या गाडीच्या पॉझिटिव्हला. मग काळा चांगल्या गाडीच्या निगेटिव्हला, आणि काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, तर त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, ती हायड्रोजनजवळ नको. चांगली गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारा. काढताना क्रम उलटा. दोन गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत.

धक्का स्टार्टबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा प्रकार मॅन्युअल गाडीत चालतो, तोही बॅटरीत थोडा जीव असेल तरच. पूर्ण मेलेल्या बॅटरीत फ्युएल पंप आणि ईसीयूलाच वीज नसते, मग चारजण ढकलून घामाघूम झाले तरी इंजिन लागणार नाही. ऑटोमॅटिकमध्ये सोडूनच द्या.

मिनेसोटाकर

इथलं उलट्या टोकाचं सांगतो. आम्ही डिसेंबरात महिनाभर पुण्याला येतो तेव्हा इकडे गाडी उणे २५ मध्ये उभी असते. भरलेल्या बॅटरीला त्यानं काही होत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं अॅसिड पातळ होऊन जवळजवळ पाणीच झालेलं असतं, ते उणे सात-आठलाच गोठायला लागतं. पेटी फुगते, तडकते. म्हणून गॅरेजमध्ये मेंटेनर, म्हणजे कायम लावून ठेवायचा चार्जर, लावून जातो. तो बॅटरी भरेपर्यंत चार्ज करतो, मग साडेतेरा व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. महिनोन्महिने लावून ठेवला तरी चालतो, साध्या चार्जरसारखं ओव्हरचार्ज करत नाही.

काका, तुम्ही लेकीकडे याल तेव्हा तिच्या बंद गॅरेजमध्ये कोणालाही गाडी 'जरा गरम करायला' चालू ठेवू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गॅरेज घराला जोडलेलं असतं. घरात तान्हं बाळ असणार.

सिंहगडरोडकर

हे लेकीला आत्ताच पाठवतो.

सर्किटराव

सोलरचं राहिलं. दोन अडचणी. तुमचं पार्किंग बिल्डिंगखाली आहे, तिथे ऊनच नाही. आणि हे पॅनल लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचे असतात, तर बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट बंद होतं. अशा गाडीत पॅनल नुसती शोभा. उघड्यावर गाडी असेल आणि थेट बॅटरीला जोडता येत असेल तर पाच-दहा वॉटचं पॅनल ती किरकोळ गळती भरून काढतं, त्यापुढे नाही.

ईव्हीधारक

माझी इलेक्ट्रिक गाडी. मोठ्या बॅटरीत साठ टक्के चार्ज, आणि दारच उघडेना! सर्व्हिसवाला म्हणाला बारा व्होल्टची गेली. मला वाटायचं यात ती नसतेच.

सर्किटराव

असते. लॉक, स्क्रीन, आणि मुख्य बॅटरी जोडणारे काँटॅक्टर त्या बारा व्होल्टवरच चालतात. ती मेली की मोठी असून नसल्यासारखी. काही गाड्या उभ्या असताना मोठीतून छोटी आपोआप भरून घेतात, सगळ्या नाही. मॅन्युअल बघा. आणि फोनवरच्या अॅपमधून दर तासाला गाडी 'बघायची' सवय असेल तर सोडा, प्रत्येक वेळी तिला झोपेतून उठवता.

सिंहगडरोडकर

ठरलं. जाण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज, मग निगेटिव्ह सोडवणार. भाचा कोथरूडला असतो, तो डिसेंबरच्या शेवटी मीटर लावून बघेल आणि १२.४ च्या खाली असेल तर घरी नेऊन चार्ज करेल. वॉचमनला किल्ली नाही, पैसे मात्र देणार आहे, गाडी पुसायचे. हँडब्रेकचं काय करायचं?

दहाचा पाना

हँडब्रेक लावू नका, महिनोन्महिन्यांत लायनर ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना मागून-पुढून विटा लावा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त. पीयूसी आणि विमा मार्चच्या आत संपत नाही ना, ते बघून घ्या. आणि भाच्याला पाना दाखवून ठेवा, आधी कुठली तार ते दोनदा सांगा.

घाटमाथा

धाग्यात घुसतो. बायकोची स्कूटर तीन महिने पडून आहे. बटण दाबलं की काहीच नाही. हाच नियम का?

बॅटरीवाला बंड्या

नियम तोच, पण तिची बॅटरी तीन ते पाच एएचची असते, त्यामुळे लवकर बसते. किक असेल तर मारून बघा. इंजेक्शनवाली असेल आणि बॅटरी पारच मेली असेल तर किकलाही लागणार नाही. सीटखालून किंवा पायाखालच्या फळीतून काढा आणि घेऊन या, सकाळी दहानंतर. वॉरंटी कार्ड आणा, बिल नको. नाही, बिलही आणा.